पुळण, खाडी आणि गाव : किनारा सांभाळण्याची रीत

किनारा राखण्याचे काम हाती घेणाऱ्या गावाची पहिली ओढ काहीतरी उभारण्याकडे असते. कुठे दगडी बंधाऱ्याची मागणी होते, कुठे सुरूची रोपे लावली जातात, तर कुठे खाडीच्या चिखलात कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या शेंगा खोचून लगेच फलक लावला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिले वर्षभर गावाने काहीही उभारू नये. फक्त पाहावे, मोजावे आणि लिहून ठेवावे. कोकणातील पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी, एका जागी स्थिर राहत नाही. ज्येष्ठ-आषाढातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून उथळ पाण्यात नेतात आणि तेथे तिचे आडवे दांडे तयार होतात. दिवाळीनंतर समुद्र निवळला की मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. त्यामुळे श्रावणात अरुंद दिसणारी पुळण फाल्गुनात रुंद झालेली असते. केवळ श्रावणातली पुळण पाहणारा बंधारा मागतो आणि केवळ फाल्गुनातली पाहणारा तिच्यावर घर बांधायला निघतो. दोघांच्याही हातात अर्धीच माहिती असते.

ही रीत ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, महिला बचत गट आणि शाळा यांना डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे. यातले बहुतेक काम गावातल्या माणसांना करता येण्याजोगे आहे; जिथे सरकारी खात्याची परवानगी लागते तिथे तसे सांगितले आहे.

पुळण मोजणे

मोजणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दीड-दीड मीटर लांबीच्या दोन सरळ लाकडी पट्ट्या घ्याव्यात, त्यांवर वरच्या टोकापासून खाली दर सेंटिमीटरला खूण करावी आणि दोन मीटर लांबीची, न ताणणारी दोरी जवळ ठेवावी. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, उधाणाचे पाणी जिथे कधी पोहोचत नाही अशा ठिकाणची कायमची खूण निवडावी. देवळाच्या जोत्याचा कोपरा किंवा चिऱ्याच्या जुन्या गडग्यावर रंगवलेला ठिपका चालतो. सर्व मोजण्या नेहमी त्याच खुणेपासून आणि त्याच दिशेने व्हायला हव्यात, नाहीतर वर्षअखेरीस हाती आलेल्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

एक पट्टी खुणेपाशी आणि दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राकडे उभी धरावी. जमिनीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने आपला डोळा पट्टीलगत वर-खाली करत अशा उंचीवर आणावा की पुढच्या पट्टीचे टोक आणि क्षितिजाची रेषा एकाच ओळीत दिसतील. त्या वेळी डोळा जवळच्या पट्टीवर वरून जितके सेंटिमीटर खाली असेल, तितका त्या दोन मीटरांतला उतार समजावा. पुढे वाळूचा उंचवटा असेल तर उलट करावे : जवळच्या पट्टीच्या टोकावरून क्षितिजाकडे पाहावे, ती रेषा पुढच्या पट्टीला जिथे छेदते तिथला आकडा वाचावा आणि तो चढ म्हणून नोंदवावा. मग मागची पट्टी पुढच्या पट्टीच्या जागी आणून पुढची आणखी दोन मीटर सरकवावी, आणि असे पाण्यापर्यंत जावे. पट्ट्या सरळ उभ्या आहेत ना हे पाहण्यासाठी ओळंबा लावला तर चूक फारच कमी होते.

वेळ मात्र नीट साधावी लागते. अमावास्येला किंवा पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती ओहोटी साधारणपणे पहाटे आणि संध्याकाळी येते. त्यांपैकी सकाळची ओहोटी निवडावी, कारण सूर्य पाठीशी असतो आणि क्षितिज स्वच्छ दिसते. संध्याकाळी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते आणि वाचन चुकते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसे मागे जात नसल्याने मोजणी अपुरी राहते. महिन्यातून एकदा, निदान पावसाळ्याच्या तोंडावर, गणपतीनंतर आणि माघात, एवढ्या तरी मोजण्या व्हाव्यात. दोन किलोमीटरच्या पुळणीसाठी तीन ओळी पुरतात : दोन्ही टोकांजवळ एकेक आणि मध्ये एक.

आकड्यांसोबत त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. उधाणाच्या रेषेवर काय वाहून आले, खाडीचे मुख कोणत्या बाजूला सरकले, वादळानंतर किती वाळू गेली आणि ती परत यायला किती महिने लागले, हेही वहीत लिहावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात किनाऱ्यालगतून गेलेल्या तौक्ते वादळाने रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पुळणींची रचना बदलली. पण त्याआधीची मोजणी ज्या गावाकडे नव्हती, त्याला आपले नेमके किती गेले हे आजही सांगता येत नाही. जुन्या रापणकरांना (किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याने मासेमारी करणाऱ्यांना) आणि तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) विचारून मागच्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या आठवणी वेगळ्या पानांवर लिहून घ्याव्यात. रापण कुठे ओढली जात असे, होड्या कुठपर्यंत वर घेतल्या जात, कोणती विहीर कोणत्या साली खारी झाली, अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नकाशात सापडत नाहीत.

नकाशा आणि कायदा

किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर नियम घालणारी किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. त्यानंतर २०११ आणि २०१९ साली ती नव्याने काढण्यात आली. गावाने आपल्या हद्दीचा किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मिळवून त्यावर भरतीची उच्चतम रेषा कुठे दाखवली आहे, हे आपल्या गट क्रमांकांशी ताडून पाहावे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, चिखलपट्टे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित गटात येतात. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्याच गटात मोडतो. ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर समुद्राकडील ना-विकास क्षेत्र (जिथे एरवी नवे बांधकाम करता येत नाही तो पट्टा) ५० मीटरचे आणि त्याहून विरळ वस्ती असेल तर २०० मीटरचे असते. कोकणातील बहुतेक गावे दुसऱ्या प्रकारात बसतात. मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारी समाजांच्या राहत्या घरांसाठी या २०० मीटरांतल्या १०० ते २०० मीटर पट्ट्यात सवलतीची तरतूद आहे. ही सवलत बाहेरून आलेल्या बांधकामांसाठी नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवणे आवश्यक आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीवर पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे अधिसूचनेत म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. तक्रार करताना तारीख, गट क्रमांक, त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि आधीचे व नंतरचे छायाचित्र जोडावे, आणि तिची प्रत तहसीलदार, जिल्हास्तरीय समिती व महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण या तिघांकडे पोहोच घेऊन द्यावी. आपल्या वहीतली मोजणी इथे खरी उपयोगी पडते, कारण तिला तारीख आणि ठरलेली खूण असते.

वाळूच्या टेकड्या

पुळणीच्या मागे उभी असलेली बुटकी वाळूची टेकडी ही गावाची सर्वांत स्वस्त संरक्षक भिंत आहे. वादळात लाट तिच्यावर आदळते, तिची वाळू खाली ओढली जाते, ती उथळ पाण्यात पसरते आणि पुढच्या लाटा आधीच फुटू लागतात. म्हणजे टेकडीने वादळात झिजणे हेच तिचे काम आहे. रिसॉर्टला समुद्र दिसावा म्हणून ती सपाट केली, वाळूसाठी तिचे ट्रॅक्टर भरले किंवा तिच्यावरून गाड्या नेल्या की लाटेपुढे थेट नारळी-पोफळीची वाडीच येते. पुढच्या पावसाळ्यात होणारे नुकसान वाडीवाल्याच्या पदरी पडते, ज्याने वाळू नेली त्याच्या नव्हे. याचा मला मनापासून राग आहे.

टेकडी पुन्हा वाढवायची असेल तर तिच्यावरची वर्दळ आधी थांबवावी. पुळणीवर जाण्यासाठी एक-दोनच वाटा ठेवाव्यात, त्याही किंचित तिरक्या, म्हणजे वारा थेट आत शिरणार नाही. बाकी जागी नारळाच्या झावळ्यांचे दोन-अडीच फूट उंचीचे कूड घालावे. माघ ते वैशाखात आपल्याकडे वायव्येकडून जोरदार वारा येतो, म्हणून कूड त्या वाऱ्याला आडवे असावे. ते गच्च विणू नये; निम्मी फट आणि निम्मी झावळी असली की वारा मंदावतो आणि वाळू कुडाच्या पायाशी साचत जाते. वाळू कुडाच्या डोक्यापर्यंत आली की त्याच जागी वर दुसरे कूड घालावे.

पहिल्या पावसात मर्यादवेलीचे फाटे लावावेत. वेलीचा हातभर लांबीचा, तीन-चार पेरांचा तुकडा घेऊन त्याची दोन पेरे ओल्या वाळूत पुरावीत. प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि वेल समुद्राकडे स्वतःच सरकते. टेकडीच्या माथ्यावर काटेरी झुबक्यांचे स्पिनिफेक्स गवत जगते, तिच्या मागच्या अंगाला केवडा, आणि त्याहून मागे उंडी, करंज व भेंड. उधाणाच्या रेषेखाली काही लावू नये, आणि कासवे जिथे चढतात तिथला वाळूचा पट्टा मोकळाच ठेवावा. सुरूबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ते लवकर वाढते आणि सावली देते हे खरे, पण त्याच्या काडीसारख्या पानांच्या थराखाली दुसरा झाडोरा फारसा रुजत नाही, आणि दिवेआगर परिसरात निसर्ग वादळात उन्मळलेली सुरूची झाडे अनेकांनी पाहिली आहेत. आहे ते सुरूचे बन तोडू नये, पण नव्या लागवडीत त्याला पहिली पसंती देऊ नये.

किनारा स्वच्छ करताना जेसीबी लावू नये. यंत्राचे फावडे प्लास्टिकबरोबर वाळू, वेल आणि वाहून आलेला पालाही उचलते. त्या पाल्यावरच टेकडीची पहिली वाळू धरली जाते. हाताने प्लास्टिक, काच, थर्माकोल आणि फाटकी जाळी वेचावीत आणि पाला तिथेच राहू द्यावा.

बंधारा कधी मागावा

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी चुकीचीच असते असे नाही. जिथे घरे, रस्ता आणि पिण्याची विहीर समुद्राच्या तोंडाशी आली आहे, तिथे लोकांना थांबायला सांगणे अन्याय आहे. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या, मालवणजवळच्या देवबागेच्या लोकांना मागे सरकायला जागाच नाही, आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरही बंधाऱ्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तरीही बंधाऱ्याने काय होते हे मागणी करणाऱ्याला माहीत असले पाहिजे. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट जोराने परत फिरते आणि भिंतीच्या पायाची वाळू उकरते, म्हणून समोरची पुळण खाली बसत जाते आणि दगड हळूहळू ढासळतात. भिंत जिथे संपते त्या टोकाला लाट वळसा घालते आणि शेजारच्या वाडीची जमीन कापते. मग ती वाडी बंधारा मागते आणि हे काम किनाऱ्यावर पुढे पुढे सरकत राहते.

म्हणून ठराव करण्यापूर्वी वर्षभराच्या मोजणीवरून हे पाहावे की गेलेली वाळू दिवाळीनंतर परत येते की नाही. परत येत असेल तर टेकडी आणि वेल पुरेशी आहे. परत येत नसेल तर ती कुठे अडली हे शोधावे : खाडीत सक्शन पंपाने किंवा ड्रेजरने बेसुमार उपसा चालला आहे का, नदीवर धरण झाले का, शेजारी जेटीचा दगडी हात समुद्रात गेला आहे का. पूर्वीच्या हातपाटीच्या उपशात आणि यंत्राच्या उपशात वेगाचा जो फरक आहे, तो खाडीला पेलत नाही. कारण सापडूनही धोका टळत नसेल तर बंधारा मागावा; तो शक्य तितका मागे, उतरता आणि टोकांना शेजारच्या जमिनीत वळवून घेतलेला असावा, आणि टोकापलीकडच्या वाडीचे काय होणार याचे उत्तर आराखड्यातच मागावे.

खाडी आणि कांदळवन

तिवर, चिप्पी आणि कांदळ ही खारफुटीची झाडे लावण्याचे कार्यक्रम उत्साहाने होतात, पण पुष्कळ रोपे वर्ष काढत नाहीत. रोपे नेमकी जिथे लावायला सोपी, त्या उघड्या चिखलात लावली जातात, आणि तो चिखल रोज इतका वेळ पाण्याखाली असतो की तिथे खारफुटी मुळात कधी नव्हतीच. शिवाय त्याच चिखलावर पाणपक्षी चरतात आणि बायका कालवे-मुळे, म्हणजे शिंपले, काढतात. त्यामुळे लागवडीआधी एक प्रश्न विचारावा : इथे पूर्वी कांदळवन होते का, आणि होते तर ते का गेले?

बहुतेक वेळा उत्तर पाण्याच्या वाटेत सापडते. रस्त्याखालची मोरी गाळाने बुजलेली असते, भराव टाकून खाडीचा फाटा तोडलेला असतो, किंवा खारबंदिस्ती (खारे पाणी अडवणारा बांध) फुटून पाणी आत कोंडलेले असते. मोरी मोकळी केली आणि भरतीचे पाणी रोज येऊन रोज मागे जाऊ लागले की बिया स्वतःच वाहून येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत रोपे दिसू लागतात. त्यानंतरही मोकळी राहिलेली जागा भरायची असेल तर पावसाळ्यात कांदळाच्या पिकलेल्या शेंगा गोळा कराव्यात. त्या झाडावरच अंकुरलेल्या असतात आणि पिकल्यावर हलक्या स्पर्शाने सुटतात. ओढून काढाव्या लागणाऱ्या शेंगा कच्च्या असतात. शेंगेचा टोकदार भाग खाली ठेवून एक तृतीयांश लांबी चिखलात जाईल इतपत ती खोवावी. हे सारे वन विभागाला कळवून करावे. राज्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीची तोड व तिच्यावरचा भराव यांना मनाई केली आहे.

जिथे भातशेतीचा खारबांध चालू आहे, तिथे तो राखणे हेही किनाऱ्याचेच काम आहे. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची) झडप ओहोटीला नीट उघडते आणि भरतीला घट्ट बसते की नाही हे दर उधाणाला पाहावे आणि लहान खांड पडली की लगेच बुजवावी. बांधाच्या समुद्राकडील अंगाला उभी असलेली तिवरे कधीही तोडू नयेत; लाटेचा पहिला मार तीच खातात. कांदळवन राखणाऱ्या गावांना खेकडा, जिताडा आणि कालवे यांच्या संवर्धनासाठी २०१७ पासून शासनाची उपजीविका योजना आहे. तिच्यात गटाला ९० टक्के आणि एकट्या व्यक्तीला ७५ टक्के अर्थसाहाय्य ठरवलेले आहे. बचत गटांनी तिची चौकशी अवश्य करावी.

कासवे

ऑलिव्ह रिडले कासवे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर चढतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह संवर्धन सुरू केले आणि पुढे ते अनेक गावांत पसरले. ही मादी किती दूरची वाट चालते याची कल्पना अशी : ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली.

पहाटे वाळूवर मादीचा माग दिसला तर तो पुसू नये आणि खड्डा उकरू नये. गावच्या कासवमित्राला बोलवावे. अंडी हलवायची असतील तर ती वन विभागाच्या देखरेखीखाली, प्रशिक्षित माणसाने, घातल्यानंतर काही तासांतच आणि न उलटवता हलवावीत. पिल्ले बाहेर यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात, आणि वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात. त्यामुळे हॅचरी (अंडी सुरक्षित उबवण्याची जागा) कुठे घ्यायची, सावली किती ठेवायची, हे अंदाजाने ठरवू नये. गावकऱ्यांनी करण्यासारखे सर्वांत मोठे काम दिव्यांचे आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून विणीच्या हंगामात समुद्राकडे तोंड असलेले दिवे रात्री बंद ठेवावेत किंवा त्यांना झाकण घालून प्रकाश जमिनीकडे वळवावा. पर्यटकांना पिल्ले हातात देऊ नयेत; पिल्लाने वाळू स्वतः चालून जावी.

बोटीवर

१ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ माशांच्या विणीसाठी आहे. २०२३ साली राज्याने ५४ प्रजातींसाठी मासा किती लांबीचा झाल्यावर पकडता येईल हे ठरवले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले. सोसायटीने ती मापे लाकडी पट्टीवर रंगवून जेटीवर टांगावीत, म्हणजे लिलावाच्या जागीच खातरजमा होते. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर बंदी आहे. ती दिसल्यास वेळ, ठिकाण आणि बोटीचा नोंदणी क्रमांक लिहून मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला तर जाळे कापून त्याला सोडावे. या नुकसानीसाठी शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, पण प्राणी अडकलेला आणि सोडलेला अशी दोन्ही छायाचित्रे लागतात, म्हणून तांडेलाने भ्रमणध्वनी प्लास्टिकच्या पिशवीत जवळच ठेवावा. फाटके जाळे पाण्यात टाकू नये, जेटीवर त्याच्यासाठी एक कोपरा राखावा. मालवणला, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पर्यटकांच्या बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नये. कायमचे बोये बसवून त्यांनाच बोट बांधावी.

किनाऱ्याला लागलेला प्राणी

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू लागले, तेव्हा लोक त्याला पाण्यात ढकलण्यासाठी सुमारे दोन दिवस झटले, तरीही ते वाचले नाही. अशा वेळी आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दीला दोरी लावून दूर ठेवावे. प्राणी पोटावर सरळ राहील असे पाहावे, अंगावर ओली चादर टाकावी, पण डोक्यावरचे श्वासरंध्र उघडे ठेवावे आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला दोर बांधून ओढू नये. पंखांखालची वाळू उकरून त्यांना मोकळे करावे. समुद्रात तेलाचा तवंग दिसला तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवावे. पावसाळ्याच्या सुमारास किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे हातमोजे घालून गोळा करावेत, ते वाळूत पुरू नयेत.

मृत कासव किंवा डॉल्फिन सापडले तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये. लांबी, जखमांच्या खुणा, जाळ्याचा तुकडा अडकला असल्यास त्याचा रंग व आसाचा (जाळ्याच्या छिद्राचा) आकार, आणि कासवाच्या परावर (वल्ह्यासारख्या पायावर) धातूची खूणपट्टी असल्यास तिच्यावरचा क्रमांक, हे सारे त्याच वहीत, त्या महिन्याच्या मोजणीखाली लिहावे आणि त्याची एक प्रत वनपालाकडे द्यावी.